ड्रॉइंगचा पिरियड नका देऊ, भाषेच्या पिरियडमध्ये चित्र द्या

केजी, बालवाटिका नाहीतर पहिलीतल्या कुठल्याही पोराचं टाइमटेबल काढून बघा. हिंदी, इंग्लिश, मॅथ्स, ईव्हीएस, आणि मग शुक्रवारी किंवा शनिवारी शेवटचा पिरियड ड्रॉइंगचा, तोही बाकी काही राहिलं नसेल तर. युनिट टेस्ट जवळ आली की सगळ्यात आधी कापला जातो तो हाच पिरियड, आणि आई-बाप म्हणून आपल्याला त्यात काही खटकतही नाही, उलट बरं वाटतं की चला रिव्हिजन तरी झाली. मला मात्र वाटतं की पाच ते आठ वयाच्या मुलांसाठी हे सगळं उलटं चाललंय. ड्रॉइंगचा वेगळा पिरियड नसला तरी मी भांडणार नाही, पण भाषेच्या पिरियडमध्ये रोज चित्र पाहिजे. शोभेचं नाही, बक्षिसाचं नाही, "लिहून झालं असेल तर खाली एक चित्र काढ" असलंही नाही. आधी चित्र, मग त्यावर गप्पा, मग त्या गप्पांतलं एखादं वाक्य चित्राखाली लिहायचं, आणि मग ते पोरानेच वाचायचं. याच क्रमाने.

मी इथे कलेबद्दल बोलत नाहीये हे आधीच सांगते, नाहीतर लगेच कुणीतरी विचारतं की काकू, सगळ्यांना आर्टिस्ट करायचंय का. नाही हो. मी वाचनाबद्दल बोलतेय. असर नावाची शालेय पाहणी असते, तिचा २०२४ चा रिपोर्ट सांगतो की ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमध्ये तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा धडा वाचू शकणारी मुलं २३.४ टक्के आहेत. म्हणजे चारातलं एकसुद्धा धड नाही. आता तुम्ही म्हणाल हे खेड्यातलं झालं, आमची पोरं इंदूरच्या इंग्लिश मीडियममध्ये आहेत, फाडफाड वाचतात. वाचतात ना, मीही ऐकलंय. आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पोरं जमतात, गोष्टीची पुस्तकं असतात, आणि दुसरीतला पोरगा अख्खं पान न अडखळता वाचून दाखवतो, मग विचारलं की बाळा काय झालं रे गोष्टीत, तर तो माझ्याकडे असा बघतो की जणू मी सिलॅबसच्या बाहेरचं विचारलं. उच्चार आले, अर्थ आलाच नाही. ग्रामीण शाळेतला प्रश्न आणि आपल्या फ्लॅटमधला प्रश्न दिसायला वेगळे आहेत पण दोन्हीकडे एकच गोष्ट गायब आहे, ती म्हणजे कागदावरच्या खुणांचा आपल्या बोलण्याशी काहीतरी संबंध आहे हे पोराला कुणी दाखवलेलंच नाही.

सरकारला हे माहीत नाही असंही नाही. निपुण भारत मिशन २०२१ मध्ये सुरू झालं, २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे त्याचं टार्गेट. २०२२ चा लहान मुलांसाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आहे, त्यातही रेघोट्या आणि चित्रं ही लेखनाचीच सुरुवात धरलीय. कागदावर सगळं छान आहे. वर्गात मात्र अजूनही पाटीवर अ अ अ आणि वहीत टिंबं जोडा.

लेव वायगोत्स्की नावाचा रशियन मानसशास्त्रज्ञ होऊन गेला, १९३४ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षीच गेला बिचारा, पण तेवढ्यात त्याने जे सांगून ठेवलं ते आपल्या बीएडवाल्यांना परीक्षेपुरतं पाठ असतं. त्याचं म्हणणं असं की मुलाचं लिहिणं अक्षरापासून सुरू होतच नाही. आधी हातवारे, मग काठीला घोडा म्हणून पळवणं, मग चित्र, आणि मग लिहिणं, ही सगळी एकाच वाटेवरची ठिकाणं. काठीला घोडा म्हणणाऱ्या पोराला एक गोष्ट दुसऱ्या गोष्टीच्या जागी उभी करता येते हे कळलेलं असतं. चित्र काढताना तेच तो कागदावर करतो. आणि मग एक दिवस त्याला असं उमगायला लागतं की वस्तू काढता येते तसं बोलणंसुद्धा काढता येतं, आणि बोलणं काढण्याची जी पद्धत आहे तिलाच मोठी माणसं लिहिणं म्हणतात. ही उडी मोठी आहे. आपण काय करतो, मधली दोन ठिकाणं गाळून पोराला थेट शेवटच्या ठिकाणी नेऊन उभं करतो आणि मग म्हणतो लक्षच नाही अभ्यासात.

आता प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते सांगते. रंगपंचमीच्या नंतरच्या रविवारी मी पोरांना कागद दिले, विषय काही दिला नाही. एक साडेपाच वर्षांची मुलगी, तिने सगळा कागद भरून नुसत्या गोल गोल रेघा मारल्या, लाल पिवळ्या जांभळ्या, एकावर एक, कागद फाटेपर्यंत. तिची आई शेजारीच होती, ती म्हणाली, "अगं हे काय केलंस, नीट काढ ना, झाड काढ, घर काढ." मी तिला खुणेनेच थांबवलं आणि पोरीला विचारलं, "इथे काय चाललंय गं?" तर म्हणे गेर. राजवाड्याची गेर, म्हणजे आमच्या इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक, टँकरमधून पाणी येतंय वरून, माणसं दिसतच नाहीयेत कारण सगळे रंगले आहेत. आणि कोपऱ्यात एक छोटासा चौकोन होता, त्याला मात्र रंगाचा एक ठिपकासुद्धा लागलेला नव्हता. "आणि हे?" "हा आबांचा मोबाइल. पन्नीत ठेवलाय ना, म्हणून भिजला नाही." पन्नी म्हणजे प्लास्टिकची पिशवी.

त्या एका वाक्यात किती भाषा आहे बघा. कारण आहे, परिणाम आहे, "म्हणून" आहे, नाही भिजला हा नकार आहे, आणि एक निरीक्षण आहे जे चाळिशीच्या माणसाला सुचणार नाही. मी पेन घेतलं आणि तिच्यासमोर, तिला दिसेल असं, चौकोनाखाली मोठ्या अक्षरात लिहिलं: आबांचा मोबाइल पन्नीत आहे म्हणून भिजला नाही. लिहिताना एकेक शब्द बोलत गेले. मग बोट ठेवून दोघींनी वाचलं. मग ती एकटीने वाचायला लागली, खरं तर पाठच होतं, पण बोट बरोबर सरकत होतं, आणि "पन्नीत" शब्दावर येऊन ती थांबली आणि विचारते, "काकू, यातला प कुठला?" बस, हेच पाहिजे होतं मला. प हे अक्षर तिला शाळेत पतंगाच्या चित्रासोबत कितीदा तरी दाखवलं असणार. पण तो पतंग शाळेचा होता. हा प तिच्या आबांच्या मोबाइलचा होता, त्याची चौकशी करायला तिच्याकडे कारण होतं.

यात एक प्रश्न विचारण्याची पद्धत आहे आणि ती मी मुद्दाम सांगते कारण तिथेच सगळे घसरतात. चित्र बघून "हे काय आहे?" असं विचारलं की पोरगं एक शब्द फेकतं, "घर", "कार", "मम्मी", आणि मामला खतम. वर त्याला हेही कळतं की काकूंना ओळखता आलं नाही म्हणजे आपलं चित्र वाईट आहे. "इथे काय चाललंय?" विचारलं तर त्याला क्रियापद वापरावं लागतं. "मग पुढे काय झालं?" विचारलं की दुसरं वाक्य येतं. "हा मागे का उभा आहे?" विचारलं की मागे, पुढे, शेजारी, आत, खाली हे सगळं यायला लागतं, जे नुसत्या शब्दांच्या चार्टवरून कधीच येत नाही. आणि अधूनमधून काहीच विचारू नका. चित्र काढताना पोरं स्वतःशी बडबडत असतात ना, ती बडबड ऐका, तिच्यात जास्त माल असतो.

शाळांमध्ये चित्र नाही असं नाही म्हणा. "चित्र देखकर पाँच वाक्य लिखो" आहे ना! छापील बागेचं चित्र. यह बगीचा है. बगीचे में पेड़ हैं. बच्चे खेल रहे हैं. एक झूला है. मुझे बगीचा अच्छा लगता है. इंदूरमधल्या कुठल्याही शाळेतली कुठलीही वही उघडा, हीच पाच वाक्यं सापडतील, बाजाराचं चित्र असेल तर बगीचाच्या जागी बाजार. गाइडमध्ये असतात, मॅडम फळ्यावर लिहून देतात, पोरं उतरवतात आणि पाचापैकी पाच. हे चित्रवर्णन नाही, हे फॉर्म भरणं आहे. त्या बागेत त्या पोराचं कुणी नाही, त्याला त्याबद्दल सांगायचं काही नाही, तो बोलणार काय? स्वतः काढलेल्या चित्राचं बरोबर उलटं असतं, तिथे पोराला जेवढं माहीत असतं तेवढं कागदावर मावतच नाही आणि उरलेलं सांगावंच लागतं. बोलणं त्या उरलेल्यातून येतं.

आणि हे काही परदेशातून आलेलं फॅड नाहीये, आपल्याकडे चित्र आणि भाषा कधी वेगळी नव्हतीच. माळव्यातली संजाच घ्या. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत, सोळा दिवस, मुली शेणाने भिंतीवर संजा काढायच्या, फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या, रोजचा आकार वेगळा, कधी चौपड कधी पंखा कधी चांद-सूरज, आणि शेवटी किलाकोट ज्यात सगळंच येतं. आणि नुसतं काढून हात धुवायचे नाहीत, संध्याकाळी त्यासमोर गाणी. चित्र काढायचं आणि त्याच चित्राशी बोलायचं, तेही सोळा दिवस सलग, अहो याला आजकालच्या भाषेत लँग्वेज प्रोग्रॅम म्हणतील आणि हजार रुपये फी लावतील. इंदूरच्या जुन्या मराठी घरांतल्या मुलीसुद्धा शेजारणींबरोबर संजा करायच्या आणि नवरात्रात घरी येऊन पाटावर हत्ती काढून त्याभोवती भोंडल्याची गाणी म्हणायच्या. दोन भाषा, दोन्ही चित्रांसकट.

चैत्रांगण तुमच्याकडे अजून काढतात का माहीत नाही. माझी आजी चैत्रात अंगणात काढायची, मखरातली गौर, शंख, चक्र, गोपद्म, तुळशीवृंदावन, हत्ती, पाळणा, चंद्र-सूर्य, आणि काढताना प्रत्येकाचं नाव घेत घेत काढायची, कुठलं राहिलं ते आम्हाला शोधायला लावायची. आणि जिवतीचा कागद. दिव्याच्या अमावास्येला देव्हाऱ्याजवळ लागायचा, वर नरसिंह, मग कालियावर नाचणारा कृष्ण, मग पोराबाळांनी वेढलेल्या जिवत्या, खाली हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती, आणि श्रावण सुरू झाला की त्यावर बोट ठेवून आटपाट नगराची कहाणी. मला वाचायला यायच्या कितीतरी आधी तो कागद "वाचता" यायचा. वरून खाली, एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत, कुठून कुठे जायचं हे डोळ्यांना माहीत झालेलं होतं. आज किती घरांत तो कागद लागतो आणि लागला तरी त्यावर बोट ठेवून कोण सांगतं? पूजा उरली, कहाणी यूट्यूबवर गेली.

बरं, इंदूरसारख्या गावाने तर चित्राला शेवटच्या पिरियडमध्ये बसवणं म्हणजे कमालच आहे. इथे देवळालीकर गुरुजींनी कलाशाळा उभी केली, चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे इथलेच, १९१० मध्ये इंदुरात जन्मलेले, पुढे बडोद्याला जाऊन त्यांनी तिथल्या फाइन आर्ट्सच्या पोरांना घडवलं, चित्रकार एम. एफ. हुसेन लहानपणी इथेच वाढले. आणि विष्णू चिंचाळकर गुरुजी! मला सगळ्यात जवळचे वाटतात ते हेच. वाळलेलं पान, झाडाची साल, फुटकं मडकं, फेकून दिलेलं काहीही उचलायचे आणि त्यात पोरांना चेहरा नाहीतर पक्षी दाखवायचे. त्यांनी लहान मुलांसाठी आपल्या नागरी अक्षरांची आणि आकड्यांचीच चित्रं केली, एखादं अक्षर जरासं वाकवलं की प्राणी, आकड्याला दोन रेघा जोडल्या की माणूस. अक्षर म्हणजेसुद्धा मुळात एक आकारच आहे, त्याला घाबरायचं काय, हे इतक्या सोप्या रीतीने दाखवणारा माणूस आपल्या गावात राहून गेला. आणि आपण काय करतो तर पोरांना डॉटेड लाइनवर गिरवायला बसवतो.

गिरवण्याचा विषय निघालाच आहे तर. २०१२ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला, करिन जेम्स आणि त्यांच्या सहकारी यांचा. अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना अक्षरं तीन पद्धतीने दिली, काहींनी आपल्या हाताने मोकळी काढली, काहींनी गिरवली, काहींनी कीबोर्डवर दाबली. मग मेंदूचं स्कॅनिंग करून तीच अक्षरं दाखवली, तर वाचताना मेंदूचा जो भाग कामाला लागतो तो मोकळ्या हाताने काढलेल्या अक्षरांना जागा झाला, गिरवलेल्यांना आणि टाइप केलेल्यांना तसा झाला नाही. मुलं मोजकीच होती, आणि अभ्यास अक्षरांवरचा होता, चित्रांवरचा नव्हता, त्यामुळे मी याच्या जोरावर फार उड्या मारणार नाही. पण एक गोष्ट पटते, पोराने काढलेलं वाकडंतिकडं क हे गिरवलेल्या सुंदर क पेक्षा जास्त शिकवून जातं, कारण रेघ कुठून उचलायची आणि कुठे थांबवायची हे त्याला स्वतःला ठरवावं लागतं. मोकळं चित्र काढताना हात हेच ठरवत असतो. कॅनडातल्या वॉटरलू युनिव्हर्सिटीचा २०१६ चा अभ्यास आहे, त्यात शब्द देऊन काहींचं चित्र काढायला सांगितलं आणि काही पुन्हा पुन्हा लिहायला, तर चित्र काढलेले शब्द खूप जास्त लक्षात राहिले, आणि चित्र चांगलं होतं की भिकार याने काही फरक पडला नाही. तो अभ्यास कॉलेजच्या मोठ्या पोरांवरचा होता हेही खरं. तरी "माझ्या मुलाला ड्रॉइंग येतच नाही" म्हणणाऱ्या मंडळींनी ते चांगल्या-भिकार चित्राचं वाक्य परत एकदा वाचावं.

आता दुसरी बाजू. चित्र काढलं की वाचन आपोआप येईल असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. अक्षरं शिकवावीच लागतात, आणि नीट, रोज, आवाजासकट शिकवावी लागतात. आपली लिपी तशी प्रामाणिक आहे, पण काना मात्रा वेलांटी, जोडाक्षरं, ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि बोलायची नंतर, हे चित्र काढून कुणाला समजत नाही. आणि चित्राचा एक खरा धोकाही आहे. गोष्टीच्या पुस्तकात शब्दाखाली छापील चित्र असलं की हुशार पोरं शब्द वाचतच नाहीत, चित्र बघून ठोकून देतात. "बोका" लिहिलंय, पोरगं म्हणतं "मांजर", आणि आई म्हणते व्वा. व्वा नाही, त्याने शब्द वाचलाच नाहीये. म्हणून मी छापील चित्राबद्दल बोलत नाहीये, पोराच्या हाताने काढलेल्या चित्राबद्दल बोलतेय, आणि त्याच्याखाली लिहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी वेगळ्या चिठ्ठीवर, चित्र झाकून, वाचायला द्यायचं. तेव्हा कळतं काय पाठ आहे आणि काय वाचता येतंय. अक्षर शिकवण्याच्या तासाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते या समजुतीशी की अक्षरं पूर्ण झाल्याशिवाय पोराकडे लिहिण्यासारखं काही नसतं.

टीचर मंडळी म्हणतात, चाळीस पोरं आहेत, प्रत्येकाचं वाक्य कधी लिहू? बरोबर आहे, माझी मावसबहीण शाळेत शिकवते, ती हे ऐकून माझ्या अंगावरच आली. कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक पाहिजे, पण ते जाऊ द्या. रोज सगळ्यांचं लिहायचंच नाही, रोज चार-पाच जणांचं, म्हणजे दोन आठवड्यांत सगळ्यांचा नंबर लागतो. बाकीचे एकमेकांना सांगतात, तेही बोलणंच आहे. चौथी-पाचवीची पोरं आठवड्यातून एकदा खाली आणून बसवली तर ती लिहून देतात, आणि त्यांचं शुद्धलेखन सुधारतं ते वेगळं. किंवा एकाच पोराचं चित्र फळ्याला लावायचं आणि सगळ्या वर्गाने मिळून तीन वाक्यं करायची. मावसबहिणीने हे शेवटचं करून बघितलं, म्हणाली, "गोंधळ जास्त होतो पण शांत बसणारी दोन पोरं पहिल्यांदा बोलली." एवढ्यावर मी थांबले, तिला डिवचायचं नसतं.

एक मात्र पाळावं लागतं. लिहिताना पोराचेच शब्द लिहायचे. "आबाचा मोबाइल भिगला नाही" म्हणालं तर तसंच लिहायचं, तिथे "भिजला, बेटा, भिजला" करत बसायचं नाही. लगेच आरडाओरडा होणार की अशाने मराठी बिघडेल. इंदूरची मराठी तशीही पुण्याच्या मापात कुठे बसते? आपण सगळेच हिंदीत वाढलो, घरात मराठी, ठेल्यावर हिंदी, शाळेत इंग्लिश. पोरगं आपलं वाक्य जसंच्या तसं कागदावर बघतं तेव्हा त्याचा विश्वास बसतो की आपलं बोलणं लिहिण्यालायक आहे. सुधारणा नंतर, दुसऱ्या वाक्यात, आपण बोलताना बरोबर शब्द वापरून. पहिल्याच कागदावर लाल पेन फिरलं की ते पोरगं पुढच्या वेळी झाड आणि घर काढून देणार आणि तोंड उघडणार नाही.

मराठीचं बोलायचं तर मला हा आपल्यासाठी सगळ्यात मोठा फायदा वाटतो. मराठी माध्यमाच्या शाळांवर इथे रडण्यात आता अर्थ नाही. पण आपल्या पोरांना शाळेत हिंदीमुळे नागरी लिपी मिळतेच, बडोद्याच्या मराठी पोरांना तीही सवलत नाही, त्यांची पहिली लिपी गुजराती. आपल्याला फक्त ळ वेगळा शिकवायचा आणि थोडा च-ज चा उच्चार. म्हणजे लिपी आहे, घरात आजी-आजोबांची बोली आहे, दोघांना जोडणारं काहीच नाही. चित्राखालचं वाक्य हा जोड होऊ शकतो. आमच्याकडचा एक पोरगा, त्याने घरातल्या सगळ्यांचं चित्र काढलं, सगळे सारखेच, वर गोल खाली काड्या. त्याची ताई भडकली की ही मी नाहीये, ही मम्मी आहे. दोघांचं भांडण जुंपलं. शेवटी प्रत्येकाच्या डोक्यावर नाव लिहायची वेळ आली, आई, बाबा, ताई, आणि देवासच्या आजीला काय लिहायचं तर "देवासची आजी", कारण दुसरी आजी पण आहे. मराठी लिहायला याहून चांगलं कारण मला तरी सुचत नाही. तो फोटो देवासला गेला, आजीचं उत्तर व्हॉट्सॲपवर आलं, टाइप केलेलं, व्हॉइस नोट नाही, हे मी आजींना आधीच बजावून ठेवलं होतं.

ॲपचं एक सांगून टाकते. कलरिंगची ॲप आहेत, आता तर बोललं की चित्र तयार होऊन येतं. "मम्मी हाथी बोलो," आणि हत्ती हजर, सुंदर, चकचकीत. पोरगं एकदा बघतं आणि पुढचं मागतं. त्या हत्तीला पाय किती आणि सोंड कुठून निघते यावर त्याला डोकं घालावंच लागलं नाही, मग त्याबद्दल तो बोलणार काय. छापील कलरिंग बुकचंही थोडंफार तेच, रेघेच्या बाहेर जाऊ नको यापलीकडे त्यात संभाषण नाही. यापेक्षा जुन्या कॅलेंडरच्या पानांची मागची बाजू आणि खडू, खर्च शून्य. ज्यांना घरात काहीतरी आणायचंच असेल त्यांनी चकमक नावाचं मुलांचं मासिक लावा, एकलव्य संस्थावाले १९८५ पासून काढतात, हिंदीत आहे पण त्यात मुलांनी काढलेली चित्रं आणि मुलांनी लिहिलेलं छापतात, आपल्यासारख्याच कुणाचं तरी वाकडं चित्र छापून आलेलं बघितलं की पोरांना जो धीर येतो तो कुठल्या स्टिकरने येत नाही.

आणि आता आपल्या मंडळांकडे येते. गणपतीत चित्रकला स्पर्धा घेतो आपण सगळे. विषय ठरलेले, "स्वच्छ इंदूर", "पर्यावरण", "माझा आवडता सण". स्वच्छ इंदूर म्हटलं की साठ पोरं, साठ कागद, प्रत्येकावर हिरवा डबा निळा डबा, कचरा गाडी आणि मागे दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य. इंदुरात डोंगर कुठून आले कुणास ठाऊक. बाहेर खिडकीतून आया खुणा करतात, आकाश राहिलं, आकाश भर. दीड तासाने कागद गोळा, जज लोक चहा पीत पीत तीन काढतात, बाकीचे कागद हॉलच्या माळ्यावर जातात, आणि एकाही पोराला कुणी विचारत नाही की तू हे काय काढलंस.

या वर्षी सात वर्षांच्या खालच्या गटात स्पर्धाच घेऊ नका अशी माझी सूचना आहे. विषय देऊ नका. अर्धा तास काढू द्या आणि मग मंडळातले रिटायर्ड काका-काकू, जे एरवी व्यवस्था बघत नुसते उभे असतात, ते एकेका पोराजवळ सतरंजीवर बसतील आणि ते काय सांगतंय ते त्याच्याच शब्दांत कागदाच्या खाली लिहून घेतील. मग ते सगळे कागद मांडवात लावा, पोरांच्या उंचीवर, स्टेजच्या मागे नाही, म्हणजे आरतीला उभं असताना पोरं आपलं आणि दुसऱ्याचं वाचतील. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात त्या रात्रीपर्यंत राहू द्या. बक्षिसांचे पैसे वाचतील त्यात स्केचपेन येतील. ज्या काकांचं अक्षर डॉक्टरसारखं आहे त्यांना फक्त नाश्त्याच्या काउंटरला ठेवा.